वाटणींत न आलेली गाडी

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेस आलेल्या पुरानें सांगलीच्या गांवभागांतील घरांचें काय केलें, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें, आणि आमच्या वाड्याच्या माजघरांत तें पांच दिवस राहिलें. ओसरल्यावर जें दिसलें त्याचें वर्णन करीत बसत नाहीं. धान्य गेलें, वडिलांचीं पुस्तकें गेलीं, देव तेवढे माडीवर नेले होते म्हणून राहिले. गाडीखान्याचें दार आम्हीं सर्वांत शेवटीं उघडलें. कारण आंतील वस्तूची किंमत घरांत कोणाच्याच हिशेबीं धरलेली नव्हती. आजोबांची १९५१ सालची शेवरोलेट पिकप तेथें उभी होती. टपापर्यंत चिखल, बैठकीवर हातभर गाळ आणि त्या गाळांत एक मेलेला मासा!

आजोबांचा धंदा ऑईल एंजिनें व पंप विकण्याचा. पंप, पाइपांची जुडी व एक फिटर घेऊन खेडोपाडीं जावयाचें, विहिरीवर एंजिन बसवून द्यावयाचें आणि पाणी चढल्यावांचून परत यावयाचें नाहीं, असा त्यांचा शिरस्ता होता. बैलगाडीनें हें जमेना, म्हणून त्यांनीं कर्ज काढून ही गाडी घेतली. मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग परदेशांतून येत व येथें त्यांची गाडी होई. पुढें संबंध मोटार येथेंच बनविल्याविना असे कारखाने चालूं द्यावयाचे नाहींत, असें सरकारी धोरण ठरलें, आणि १९५४ त कंपनीनें येथील जुळणी बंद केली. तत्पूर्वीं तीन वर्षें आमची गाडी त्या कारखान्याबाहेर पडली. समोर पांच आडव्या पट्ट्यांची जाळी, पायानें तुडवून चालू करावयाचा स्टार्टर, पेट्रोलची टांकी चालकाच्या पाठीमागें आणि मालाच्या हौद्याची तळजमीन लांकडी फळ्यांची. १९७९ पर्यंत ती चालली. मग पेट्रोलचे भाव परवडेनात आणि ती गाडीखान्यांत गेली.

येथें थोडें घरचें सांगणें भाग आहे. १९८३ सालीं आमचे वडील (त्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं) व धाकटे चुलते तात्या यांची वाटणी झाली. ती कां झाली हें सांगण्याजोगें नाहीं; जें घरोघरीं असतें तेंच होतें. वाटणीपत्र मात्र पाहण्यासारखें आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांचीं वजनें त्यांत आहेत, पाटांची संख्या आहे, परसांतल्या नारळांचीहि आहे. गाडीचा उल्लेख नाहीं. ती राहिली कशी हें कोणी सांगूं शकत नाहीं. माझा तर्क असा कीं, ती मागितली तर भावाला वाईट वाटेल असें दोघांनाहि वाटलें असावें. आणि इतक्या तंट्यांत एवढी एकच गोष्ट दोघांनीं एकमेकांसाठीं सोडली. परिणाम असा झाला कीं, गाडी आजोबांच्याच नांवावर राहिली आणि कोणीच तिला हात लाविला नाहीं. पुढें तात्या विश्रामबागेस राहावयास गेले. अण्णा २००६ त वारले तेव्हां ते स्मशानांत आले होते, घरीं आले नाहींत.

पुरानंतर भंगारवाल्यानें गाडीचे अठरा हजार सांगितले. द्यावयाची म्हटली तरी तात्यांची संमति हवी, म्हणून मीं त्यांच्या नातीकडून निरोप पाठविला. ही मुलगी पुण्यास यंत्रशास्त्र शिकत होती, आणि दोन्ही घरांत येणें-जाणें ठेवणारी तेवढी ती एकच. दोन दिवसांनीं तिनें उत्तर आणिलें, "तात्याआजोबा म्हणतात, भंगारांत देणाऱ्यानें आधीं पंपाचें एंजिन डोक्यावर घेऊन विहिरींत उतरून दाखवावें." तो नकार होता हें मला कळलें, पण छत्तीस वर्षांत तात्यांनीं मला उद्देशून पाठविलेलें तें पहिलें वाक्य होतें, हें माझ्या सौ.च्या ध्यानांत आलें, माझ्या नव्हे.

मार्च २०२० त टाळेबंदी आली. महाविद्यालय बंद, मी तर निवृत्त शिक्षक. संचार मोकळा झाल्यावर नात सकाळीं येई, आणि आम्ही दोघें एकेक भाग सोडवीत असूं. तिला पुस्तकी ज्ञान, मला तेंहि नाहीं. अमेरिकेंत ह्या गाड्यांचे शौकीन अमाप असल्यामुळें गॅस्केटें, रबरें, ब्रेकचे भाग आजहि नवे तयार होऊन मिळतात. तेवढे तिनें मागविले. जकात भरतांना माझा चेहरा कसा झाला होता याची नक्कल ती अजून करिते.

पण एंजिनाचें काम मागवून होणारें नव्हतें. हल्लींच्या एंजिनांत क्रँकच्या पोटांतून दाबानें तेल जाऊन तें प्रत्येक बेअरिंगाला पोंचतें. ह्या २१६ घनइंची सहा सिलिंडरी एंजिनांत क्रँकच्या मुख्य बेअरिंगांनाच तसें तेल मिळतें. दट्ट्यांच्या दांड्यांना खालीं लहान पळ्या असतात. त्या पन्हळींतल्या तेलांत बुडून तें उडवितात, आणि वेग वाढला कीं बारीक नळ्यांतून सुटणारी तेलाची धार त्या पळ्यांवर बसते. संध्येच्या पळीनें आचमन करावें तसा प्रकार! कंपनीनें ही रीत १९५४ च्या ट्रकांपासून सोडून दिली. शिवाय दांड्याच्या डोळ्यांत सुटें बेअरिंग नसतें. तेथें पांढरा धातु, म्हणजे मुख्यतः कथील व त्यांत अँटिमनी नि तांबें, वितळवून ओततात आणि कातून मापास आणतात. आमच्या दांड्यांतला धातु पुराच्या पाण्यानें व चाळीस वर्षांच्या गंजानें कामांतून गेला होता.

हें काम करणारा कोल्हापुरास उद्यमनगरांत मिळेल, असें फोनवर तात्यांनींच सांगितलें. मिळाला, पंचाहत्तरीचा एक कातारी. त्यानें दांड्याच्या आंतल्या अंगास नवसागर लावून आधीं चक्क कल्हई केली, आणि मग धातु ओतला. कल्हई नसेल तर धातु लोखंडाला धरीत नाहीं, एवढें त्यानें सांगितलें; भट्टीची उष्णता किती म्हणून नातीनें विचारलें तेव्हां त्यानें कागदाचा कपटा त्या धातूंत बुडविला, तो तपकिरी झालेला दाखविला, आणि म्हणाला, "इतकी."

तात्या जानेवारी २०२१ त प्रथम आले. वय चौऱ्यायशीं. दिंडीदरवाजानें न येतां मागच्या बोळानें थेट गाडीखान्यांत आले. बरोबर घरचें पाणी आणि चहाची बाटली. महिनाभर असें चाललें. आमच्या सौ. रोज दोन कप चहा पाठवीत व रोज एक परत येई. मला तें फार लागे, पण ती म्हणाली, "पाठवायचा आपण थांबवायचा नाहीं."

त्यांच्या हाताची ओळख मात्र तेथें पटली. दांडा क्रँकवर बसवितांना त्याच्या दोन अर्धकांमध्यें पितळेचे पातळ पत्रे असतात; एक कमीअधिक केला कीं सैलपणा बदलतो. नात मापानें बघे. तात्या दांडा बोटांनीं डावा-उजवा लोटीत. टक् असा मोकळा आवाज आला कीं बरोबर, दांडा जड चालला तर घट्ट. सहांपैकीं पांच ठिकाणीं दोघांचें एकमत झालें, आणि सहाव्या ठिकाणीं नातीनें माप पुन्हां घेतलें.

जुलै २०२१ मध्यें पुन्हां पूर. पाणी चढणार ही वर्दी संध्याकाळीं आली. एंजिन तिकाटण्यावर टांगलेलें, गाडी चाकांवर पण पोकळ. तात्यांचा फोन आला, "बाळ, ट्रॅक्टर पाठवितों आहें. गाडी इकडे आण. आणि तुम्हीहि या. पाणी कांहीं गाडी बघून थांबत नाहीं." भर पावसांत, रात्रीं अकराला, आजोबांची गाडी दोरानें ओढत विश्रामबागेस गेली. सुकाणूवर मी होतों. आम्ही तात्यांकडे नऊ दिवस राहिलों. पहिल्या सकाळीं काकूंनीं आमच्या सौ.ला स्वयंपाकघरांत बोलावून डब्यांच्या जागा दाखविल्या. इतकेंच. जुन्या गोष्टीविषयीं अवाक्षर निघालें नाहीं, आणि आजहि निघत नाहीं.

त्या नऊ दिवसांत काकूंनीं व आमच्या सौ.नीं मिळून गाडीची बैठक भरली. स्प्रिंगा गंजलेल्या होत्या त्या नव्या करविल्या, वर काथ्या, त्यावर जुन्या गादीचा कापूस आणि मग रेक्झिन. काकूंना मूळ रंग आठवत होता. लग्न होऊन त्या मिरज स्टेशनावरून ह्याच गाडींतून वाड्यावर आल्या होत्या.

हौद्याच्या फळ्यांचा प्रश्न मी टाळीत होतों. बाजारीं सागवानाचे भाव ऐकून छाती झाली नाहीं. तात्यांनीं विचारल्याशिवाय आपल्या बाजूच्या, कुलुपबंद अर्ध्या वाड्याची किल्ली काढून दिली. त्यांच्या दिवाणखान्याची तक्तपोशी शाबूत होती. वाडा आज ना उद्यां पाडावा लागणार हें सर्वांस कळून चुकलें होतें. सुतारानें फळ्या उतरविल्या, रंधा मारला, आणि दीडशें वर्षांच्या धुराखालून पिवळें लांकूड निघालें.

डिसेंबरांत एंजिन बसलें. नवी सहा व्होल्टची बॅटरी लाविली, स्टार्टर तुडविला, तर नुसता कुरकुरला. केबल हातास चटका बसेल इतकी तापली. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामास वीज दुप्पट वाहते, आणि तिला जाड तार लागते. आम्हीं आजच्या मोटारीची बारीक केबल लाविली होती. गणित मी तीस वर्षें शिकविलें, पण हा गुणाकार मला सुचला नाहीं. जाड केबल लाविली, आणि दुसऱ्या दिवशीं एंजिन धडाडलें. शेजारीं गोळा झाले, कोणी पेढे आणले. तात्या मात्र बॉनेटवर कान ठेवून उभे. अकराव्या मिनिटाला ते ओरडले, "बंद कर!" मला कांहींच ऐकूं आलें नव्हतें.

खालचें तेलपात्र उतरविलें. तिसऱ्या दांड्यावर तेल सोडणारी नळी गाळानें बुजलेली, आणि पांढरा धातु पुसून गेलेला. तें पात्र धुण्याचें काम माझ्याकडे होतें. वरून लखलखीत केलें होतें; नळींत तार घातली नव्हती. तात्यांनीं माझ्याकडे पाहिलें. मला वाटलें, आतां अण्णांवरचा राहिलेला रागहि निघणार. ते म्हणाले, "तुझ्या बापानेंहि १९६२ त हेंच केलें होतें. तासगांवच्या रस्त्यावर. मी पायीं जाऊन तेल आणलें." आणि हंसूं लागले, इतके कीं त्यांना खालीं बसावें लागलें. पुन्हां कोल्हापूर, पुन्हां कल्हई, पुन्हां दोन महिने.

गाडीचे कागद अद्याप कचेरींत आहेत. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठीं निराळ्या नोंदणीचा नियम काढला. अशा गाडीच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात, आणि एंजिन वा सांगाडा बदललेला चालत नाहीं. परंतु तो नियम खासगी वापराच्या गाड्यांपुरता, आणि आमची गाडी मालाची, म्हणून प्रकरण सोपें नाहीं. अर्जासोबत वारसांची संमति जोडावी लागली. तात्यांनीं सही केली आणि "दोन्ही घरांची" असा शब्द स्वतःच्या अक्षरांत वर घातला. कारकुनानें ते शब्द कोणत्या कलमाखालीं बसतात असें विचारलें आहे.

तोंवर सार्वजनिक रस्त्यावर ती काढतां येत नाहीं. मार्च २०२२ त एका स्नेह्याच्या मळ्यांत, उंसाच्या मधल्या वाटेनें, आम्हीं ती चालविली. हौद्यांत तक्तपोशीच्या फळ्यांवर सतरंजी टाकून काकू, आमच्या सौ. आणि मुलें बसलीं. नात म्हणाली आजोबांनीं चालवावी. तात्यांनीं परवाना संपल्याचें सांगितलें व माझ्या डावीकडे बसले. वाट मैलभराची. त्या मैलांत ते मला चार वेळां बोलले. गियर लवकर टाकतोस. क्लचवर पाय ठेवूं नकोस. तेलाच्या कांट्याकडे काय बघतोस, ह्या एंजिनाचा कांटा खालींच असतो. आणि विहिरीपाशीं पोंचल्यावर, "थांब इथें. ह्या विहिरीवरचा पंप आपणच बसविला आहे."