माठातलं इन्सुलिन

नवतपा लागला की नागपूरच्या बेसा परिसरात दुपारी पारा ४५च्या पुढे सरकतो आणि नव्या इमारतींच्या गच्च्या रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. अशा वेळी वीज गेली की सगळ्यांना आठवतो तो कूलर. पण ज्या घरात टाइप वन मधुमेहाचं मूल आहे, तिथे आईचा हात आधी जातो फ्रिजच्या दारातल्या एका बोटभर बाटलीकडे. त्या बाटलीत मुलाचा उद्याचा दिवस असतो.

बाटलीत काय आहे ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. इन्सुलिनचा रेणू म्हणजे अवघ्या ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. असे सहा रेणू जस्ताभोवती एकमेकांना बिलगून बसतात. डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ साली ही रचना उलगडली, तेव्हा त्यांच्या चमूत आपले भारतीय शास्त्रज्ञ एम. विजयन होते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन असंच सहाच्या जुडग्यांत साठवतात आणि गरज पडताच रक्तात सोडतात. तिथे ही जुडगी सुटतात आणि काही मिनिटांत रेणूचं काम आटोपतं. प्रौढ माणसाच्या साधारण पाच लिटर रक्तात उपाशीपोटी साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. रात्रंदिवस, पुरणपोळी खाल्ली तरी आणि एकादशी धरली तरी, हा चमचा फारसा सांडू द्यायचा नाही की रिता होऊ द्यायचा नाही. बीटा पेशी हे काम आपल्याला न कळता करत असतात.

टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या पेशींना परकं समजून मारून टाकते. मुलाने गोड जास्त खाल्लं म्हणून हे होत नाही, आईच्या हातून काही चुकलं म्हणूनही नाही. हे मी ठासून सांगतो, कारण घराघरांत हा दोष विनाकारण वाटला जातो. मूल सारखं पाणी पितं, सारखं लघवीला जातं, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं करतं, भरपूर खाऊनही वाळत जातं. एवढं दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी. उशीर झाला तर उलट्या, पोटदुखी, धापा लागणं सुरू होतं आणि जिवावर बेततं. १९२२च्या जानेवारीत टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी या आजारावर उपासमारीपलीकडे इलाजच नव्हता.

आता उन्हाकडे येऊ. शरीरात हाच रेणू ३७ अंशांवर सुखाने नांदतो, मग बाटलीत त्याला गारवा का लागतो? शरीरात त्याला फार काळ टिकायचंच नसतं, रोज ताजा तयार होतो. बाटलीतल्या इन्सुलिनला मात्र महिनोन्‌महिने टिकायचं असतं. उष्णता आणि हिसके मिळाले की रेणूची घडी उलगडते, उलगडलेले रेणू एकमेकांत गुंतून तंतू बनतात आणि औषधाचा जोर जातो. गोठलं तरी तेच. म्हणून बाटली डिकीत ठेवायची नाही, आणि फ्रीझरलगतही नाही.

फ्रिज नसेल, किंवा वीज तासन्‌तास गेली तर? इथे विदर्भाच्या हवेचा चमत्कार कामाला येतो. माठाच्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याचा एक ग्रॅम वाफ होऊन उडताना जवळपास २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एक अंशाने गार व्हावं एवढी ती असते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ झपाट्याने. म्हणजे वैशाखातली जी कोरडी हवा आपल्याला भाजते, तीच माठाला गार करते! पावसाळ्यात हवा दमट झाली की माठाचं काम मंदावतं, पण तेव्हा ऊनही उतरलेलं असतं. ग्रॅहॅम ओगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निरनिराळ्या देशांतले माठ आणि गारव्याची इतर साधनं मोजून पाहिली. बाहेरच्यापेक्षा आतलं तापमान कमी भरलं. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे टिकतं. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या घरांचं तापमान त्यांनी त्यासाठी प्रमाण धरलं होतं. एका मडक्यात दुसरं लहान मडकं, मध्ये ओली वाळू, आत कोरड्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वारा लागेल असं. एवढ्याने काम भागतं.

औषध परवडणं ही वेगळीच लढाई. डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये नागपुरात ड्रीम ट्रस्ट उभा केला तो त्यासाठीच. गरीब घरांतल्या टाइप वन मुलांना तिथून इन्सुलिन मोफत मिळू लागलं. असं काम शहराने अभिमानाने सांगावं.

घरातली रोजची कसरत मात्र आईबाबांची आणि मुलाचीच. दिवसभर पुरणारं एक इन्सुलिन, जेवणाआधीचं दुसरं, पोळीभाताचा अंदाज, बोटातून थेंबभर रक्त. आपल्याकडे बाटली बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची असते, पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं. ४०च्या सिरिंजला लाल टोपण, १००च्या सिरिंजला नारिंगी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो, म्हणून टोपणाचा रंग दर वेळी पाहावा. साखर ७०च्या खाली गेली, मूल घामेजलं, थरथरलं, चिडचिडं झालं, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. वर्गशिक्षकांना हे शाळेच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. आणि तापात, उलट्यांत मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करण्याचा मोह होतो, तो टाळावा. आजारपणात शरीराला ते बहुधा जास्तच लागतं. डोस डॉक्टरांना फोन करून ठरवावा, पण दिवसभर पुरणारं इन्सुलिन थांबवू नये.