अंगावर काढू नका!

‘अंगावर काढणे’ हा शब्द आपण मोठ्या कौतुकाने वापरतो. ताप अंगावर काढला असे सांगताना स्वरात थोडा अभिमानच असतो! खेड्यातली बाई तर जन्मभर दुसरे काही करीत नाही. पहाटे पाणी, मग चूल, मग दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी. अशा बाईला पाळी जाऊन दोन वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त दिसू लागले, तर ती कोणाला सांगणार? नवऱ्यापाशी लाज, सासूपाशी संकोच, आणि तालुक्याला जावे तर दिवसाची मजुरी बुडते. ‘उष्णता झाली असेल,’ म्हणून ती गप्प बसते. दुखत काहीच नसते. या रोगाची फसवणूक हीच!

हा रोग म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. खेड्यात त्याला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात. तो बहुधा एका विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूची बाधा बहुतेक स्त्रियांत आपोआप जाते. काहींत ती ठाण मांडते, आणि तिथून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. एवढी सवड देणारे दुखणे विरळाच. मग बायका दगावतात का? सवड असून उपयोग होत नाही म्हणून. रोग मुखापुरता असताना आलेल्या बहुतेक बाया वाचतात. तो पसरल्यावर आलेल्यांपैकी फार थोड्या.

ही सवड कशी साधावी, याचा धडा आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने घालून दिला आहे. १९८७ साली तेथे कर्करुग्णांची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठी भारतातली ही पहिलीच. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात होती. रुग्णालयात येतील त्यांचीच नोंद करून भागणारे नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव हिंडले, बायाबापड्यांशी बोलले, लक्षणे समजावून दिली. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही; पण थोड्याच वर्षांत पूर्वीपेक्षा अधिक बाया रोग लवकरच्या अवस्थेत असताना दवाखान्यात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्याचा हा गुण!

पुढे १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मोठा प्रयोग झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले. एका गटात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीप्रमाणेच. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या रोगाने गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! इतर दोन तपासण्यांनी मात्र तेथे तसा ठळक फरक पडला नाही. आणि ज्यांच्यात विषाणू आढळला नाही, त्यांच्यापैकी आठ वर्षांत एकही या रोगाने दगावली नाही.

त्या चौथ्या गटातल्या बायांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, असा प्रश्न पुढे जाणत्यांनी विचारला. तो विचारायलाच हवा होता. पण त्याचे खरे उत्तर आपल्या हाती आहे: जे आता कळले आहे, ते कोणत्याही गावापासून दूर ठेवायचे नाही.

तेव्हा वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा. पाळी गेल्यावर रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिसंगानंतर रक्त, दुर्गंधीयुक्त स्राव, यांपैकी काहीही अंगावर काढू नये. तिशीनंतर काहीही त्रास नसला तरी तपासणी करून घ्यावी. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी लस आहे. पुण्यात बनलेली लसही २०२३ पासून मिळू लागली आहे.

शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची एखादी बहीण, आत्या, चुलतजाऊ गावी असतेच. भाऊबीजेला तिच्या ओवाळणीच्या ताटात आपण लुगड्याचे पैसे घालतो. यंदा आणखी एक ओवाळणी घालावी. घरातल्या वहिनीने तिला बाजूला घेऊन हळूच विचारावे, ‘वन्सं, काही अंगावर तर काढत नाही ना?’ आणि उत्तर देताना ती अडखळली, तर दिवाळी संपायच्या आत तिला दवाखान्यात घेऊन जावे.