राउटर : घरातील दुर्लक्षित संगणक

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि त्यांत ५० हून अधिक जणांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल मिळाला होता. त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईत सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत पोहोचल्या. तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचा या कटाशी संबंध नव्हता. त्याच्या वायफाय जोडणीला पुरेसे संरक्षण नव्हते आणि तिचा वापर करून दुसऱ्याच कुणीतरी तो ई-मेल धाडला होता. हे स्पष्ट होईपर्यंत मात्र त्याचे संगणक तपासासाठी ताब्यात घेतले गेले आणि त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या, तर सप्टेंबरमधील दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायचा असाच गैरवापर झाला. पुढे २००९ च्या प्रारंभी मुंबई पोलिसांची पथके लॅपटॉप घेऊन शहरातील खुल्या वायफाय जोडण्या शोधत फिरली. फेब्रुवारीत केंद्रीय दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना वायफायच्या सुरक्षित वापरासंबंधी सूचना दिल्या.

त्यानंतर संकेतशब्दाविना चालणारी वायफाय शहरांतील घरांत क्वचितच आढळू लागली. तेवढ्याने धोका टळला, असा समज रूढ झाला आणि तोच आज अधिक घातक ठरतो आहे. कारण वायफायला कुलूप लावले, तरी ती वायफाय पुरवणारा राउटर बहुतेक घरांत केबलवाल्याने किंवा कंपनीच्या माणसाने बसवून दिला त्याच अवस्थेत वर्षानुवर्षे चालू असतो.

राउटरचे काम वरकरणी साधे आहे. घरातील मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच आणि कॅमेरे या सर्वांना तो एकाच जोडणीतून इंटरनेट वाटून देतो. बाहेरच्या जगाला मात्र ही वेगवेगळी उपकरणे दिसत नाहीत. दिसतो तो त्या जोडणीचा पत्ता. त्यामुळे जिन्यात उभ्या असलेल्या परक्या माणसाने पाठवलेला संदेश आणि घरमालकाने पाठवलेला संदेश यांत बाहेरून काहीच भेद करता येत नाही. सेवा पुरवठादाराच्या दप्तरी नोंद असते ती ग्राहकाच्या नावाची, आणि पोलीस दार ठोठावतात तेही त्याच्याच घराचे. सानपाड्यात नेमके हेच घडले.

राउटर हा स्वतःदेखील एक पूर्ण संगणक आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. त्यात प्रक्रियक असतो, स्मृती असते आणि बहुधा लिनक्सवर आधारलेली प्रणाली असते. लॅपटॉपवरील प्रणाली दर काही दिवसांनी स्वतःला अद्ययावत करून घेते आणि तसे सांगतेही. राउटरला पडदा नाही, तो काही विचारत नाही, तक्रार करत नाही. हिरवे दिवे लुकलुकत आहेत आणि चित्रपट न अडखळता दिसतो आहे, तोवर तो ठीक आहे असेच मानले जाते. त्यात कुणी घुसले, तरी दिवे तसेच लुकलुकत राहतात.

राउटरला दोन संकेतशब्द असतात आणि सारा घोळ या दोहोंतील गल्लतीत आहे. एक वायफायचा; तो घरातील सर्वांना, पाहुण्यांना आणि कधीकधी शेजाऱ्यांनाही ठाऊक असतो. दुसरा राउटरच्या व्यवस्थापनाचा. घरातील जोडणीवरून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या तळाला छापलेला तत्सम पत्ता टाकला की नाव आणि संकेतशब्द विचारणारे पान उघडते. तेथे प्रवेश मिळाला की वायफायचा संकेतशब्द पाहता येतो, तो बदलता येतो, कोणती वाहतूक कोठे वळवायची हेही ठरवता येते. या दुसऱ्या संकेतशब्दाच्या जागी अनेक वर्षे कारखान्यातून ‘अ‍ॅडमिन’ हाच शब्द घालून येत असे. नावही ‘अ‍ॅडमिन’ आणि संकेतशब्दही ‘अ‍ॅडमिन’. पहिला संकेतशब्द काळजीपूर्वक निवडणारी माणसे दुसऱ्याच्या अस्तित्वाविषयी अनभिज्ञ असतात.

याची किंमत भारतात जुलै २०१७ मध्ये मोजावी लागली. बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी अनेकांचे मोडेम अचानक बंद पडू लागले. कंपनीच्या मुख्य यंत्रणेत बिघाड नव्हता. ज्या ग्राहकांनी मोडेमचा मूळ संकेतशब्द बदललेला नव्हता, त्यांच्याच उपकरणांत घातक प्रणाली शिरली होती. संकेतशब्द बदलण्याचे आवाहन कंपनीला ग्राहकांना करावे लागले. जे काम उपकरण बसवताना दोन मिनिटांत करता आले असते, ते ग्राहकांच्या गळ्यात मागाहून पडले, हे नमूद करायला हवे.

त्याआधी २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगाला धडा दिला होता. तिच्याकडे कारखान्यात घातलेल्या नाव-संकेतशब्दांच्या साठेक जोड्यांची यादी होती. इंटरनेटवर दिसणाऱ्या कॅमेऱ्यांवर आणि राउटरांवर ती या जोड्या एकामागून एक चालवून पाही. अशा रीतीने वश केलेल्या उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील ‘डिन’ या कंपनीवर हल्ला चढवला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांसाठी काही तास बंद पडली. मिराई रचणारे तीन तरुण विशीच्या आसपासचे होते; डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस मिराईच्याच एका अवताराने जर्मनीतील डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत केली. तेथे वाट वेगळी होती. सेवा पुरवठादाराला दुरून देखभाल करता यावी म्हणून राउटरमध्ये ठेवलेले दार शोधून हल्लेखोर तेथे धडकले होते.

अशा हल्ल्यांत राउटरचा मालक निमित्तमात्र असतो. खुद्द त्याचेच नुकसान होते ते दुसऱ्या प्रकारात. ब्राउझरमध्ये बँकेचे नाव टाकले की त्या नावाशी जोडलेला अंकी पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. तिला इंटरनेटची दूरध्वनी निर्देशिका म्हणता येईल. ही निर्देशिका कोणाकडून घ्यायची, हे घरातील उपकरणांना सामान्यतः राउटर सांगतो. राउटरमधील ती एक ओळ बदलली की बँकेचे नाव अचूक टाकूनही ग्राहक भलत्याच ठिकाणी पोहोचू शकतो. ब्राझीलमध्ये २०११ पासून पुढे हेच घडले. मोडेमच्या प्रणालीतील एका त्रुटीचा लाभ घेऊन सुमारे ४५ लाख उपकरणांतील डीएनएस बदलण्यात आले आणि ग्राहक बनावट पानांकडे वळवले गेले. संगणकावरील विषाणूरोधक प्रणालीला याचा सुगावा लागणे कठीण, कारण संगणकात काही बिघडलेलेच नव्हते. आता बँकांच्या पानांवर प्रमाणपत्राची पडताळणी होत असल्याने ही फसवणूक पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. पण त्यासाठी ब्राउझरने दाखवलेला सुरक्षेचा इशारा वाचायला हवा. ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय निवडला तर ते कवच निरुपयोगी ठरते.

आपले नेट केबलवाल्याचे आहे, बाहेरून थेट कुणी पोहोचणार नाही, असाही एक युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. अनेक पुरवठादार बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात आणि त्यामुळे बाहेरून येणाऱ्या हल्ल्यांना काहीसा अडसर होतो. परंतु हल्ला आतूनही होतो. एखाद्या संशयास्पद पानात दडवलेला आदेश वापरकर्त्याच्या स्वतःच्या ब्राउझरकरवी राउटरपर्यंत जाऊ शकतो आणि तेथे मूळ संकेतशब्दच असेल, तर राउटर तो निमूटपणे पाळण्याची शक्यता असते.

म्हणूनच पहिले काम व्यवस्थापनाचा संकेतशब्द बदलण्याचे. तो लांब असावा, वायफायच्या संकेतशब्दाहून वेगळा असावा आणि वहीत लिहून ठेवला तरी चालेल. राउटर फोडणारा चोर सहसा घरातील कपाटापर्यंत येत नाही. त्याच पानावर दुरून व्यवस्थापन करण्याची सोय चालू असल्यास ती बंद करावी. डीएनएसच्या रकान्यातील आकडे पाहून ते पुरवठादाराने दिलेलेच आहेत का, याची विचारणा त्याच्याकडे करावी.

वायफायच्या बाबतीत डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ ही पद्धत निवडावी. जुनी डब्ल्यूईपी पद्धत २००७ मध्येच जर्मन संशोधकांनी मिनिटाभरात फोडून दाखवली होती. पद्धत उत्तम असली तरी संकेतशब्द तकलादू असेल तर उपयोग नाही, आणि आपल्याकडे तो हमखास तकलादू असतो. जोडणी देणारा माणूस सोयीसाठी ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच संकेतशब्द म्हणून घालून जातो. डब्ल्यूपीए-२ मध्ये मोबाइल आणि राउटर यांच्यातील ओळखपाळखीचा संवाद हवेतून टिपता येतो, मग घरी नेऊन त्यावर संकेतशब्द अजमावून पाहता येतात. दहा अंकी भारतीय मोबाइल क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. आकडा प्रचंड वाटतो. पण चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला त्या तपासायला काही तास पुरतात. इस्रायलमधील एका सुरक्षा संशोधकाने २०२१ मध्ये तेल अवीवमधील ५००० वायफाय जोडण्यांचे नमुने गोळा केले आणि त्यांतील सुमारे ७० टक्के फोडल्या. तेथेही मोबाइल क्रमांक संकेतशब्द म्हणून वापरण्याची प्रथा आहे. त्यापेक्षा परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर लक्षात राहतात आणि फोडणेही दुष्कर होते.

बटण दाबून जोडणी करण्याची डब्ल्यूपीएस ही सोयही बंद ठेवणे बरे. तिच्यासोबत येणारा आठ अंकी क्रमांक राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरूनच ठरतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी अवघ्या ११,००० उरतात, हे २०११ मध्येच उघड झाले. पाहुण्यांसाठी आणि स्वस्तातल्या कॅमेऱ्यांसाठी राउटरवर वेगळे पाहुणे-नेटवर्क असल्यास त्याचा वापर करावा.

खरी अडचण पुढे आहे. राउटरच्या प्रणालीत नव्या त्रुटी सापडत राहतात आणि त्या बुजवणारी सुधारित आवृत्ती निर्माता देतो. पण काही वर्षेच. त्यानंतर ते उपकरण उत्तम चालत असले तरी सुरक्षेच्या दृष्टीने बेवारस होते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने चीनपुरस्कृत हल्लेखोरांनी बळकावलेल्या शेकडो राउटरांचे जाळे उद्ध्वस्त केल्याचे जाहीर केले. त्यांतील बहुसंख्य राउटर अशाच, निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेल्या प्रकारांतील होते. निर्मात्याच्या संकेतस्थळावर आपल्या राउटरचा क्रमांक टाकून सुधारणा अजून मिळते का, हे पाहावे. मिळत नसेल तर नवा घेण्याला पर्याय नाही. पुरवठादाराचाच राउटर असेल तर अनेकदा व्यवस्थापनाच्या पानावरील सोयी ग्राहकासाठी बंद असतात. अशा वेळी सुधारित आवृत्ती कधी घातली, हे पुरवठादाराला लेखी विचारावे आणि उत्तर येत नसेल तर उपकरण बदलून मागावे.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना एकच सार्वत्रिक संकेतशब्द घालून विकण्यास कायद्याने बंदी केली. सुधारणा किती काळ मिळणार, हेही विक्रेत्याला सांगावे लागते. ग्राहकाने सावध राहावे हे ठीकच. पण जबाबदारी आधी कारखान्याची, हा या कायद्यामागील विचार योग्य आहे.

संसर्ग झाल्याची शंका आल्यास राउटर नुसता बंद-चालू करणे पुरेसे नाही. २०१८ मध्ये ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणांत शिरलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’चा काही भाग तेवढ्याने पुसला जाई, मूळ मात्र आतच राही. त्यासाठी मागील बारीक छिद्रातील कळ दाबून राउटर मूळ अवस्थेत आणावा, सुधारित आवृत्ती घालावी आणि नवे संकेतशब्द द्यावेत. जुना राउटर भंगारवाल्याला देण्यापूर्वीही ती कळ दाबावी. वायफायचा संकेतशब्द आणि ब्रॉडबँड खात्याचा तपशील त्याच्या पोटात तसाच शिल्लक असतो.