नकाशावर हेरलेली खिंड

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा शिकारी मचाण बांधण्याआधी घरी नकाशा पसरतो. तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे 1:24,000 प्रमाणाचे नकाशे यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांवरच्या तपकिरी समोच्चरेषा समान उंचीची ठिकाणे जोडतात. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की जमीन सपाट.

शोध असतो तो मुख्यतः खिंडीचा. लांबलचक धारेवर दोन शिखरांमध्ये रेषा डमरूच्या कमरेसारख्या आत येतात, तिथे धार खाली झुकलेली असते. धार ओलांडताना हरीणही कमी चढाची वाट धरते. दुसरी जागा म्हणजे उतारावरची माची: दाट रेषांमध्येच अचानक सुटलेली मोकळी पट्टी. हरणे तिच्यावरून आडवी चालतात.

पण वाट सापडली म्हणजे मचाणाची जागा ठरली असे नाही. निवांत हवेत, ऊन तापले की वारा उतारावरून वर चढतो आणि संध्याकाळी घळीतून खाली वाहतो. माणसाचा वास त्याच्याबरोबर जातो, आणि हरणाचे नाक फार तिखट. म्हणून सकाळचे मचाण वाटेच्या वरच्या अंगाला.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण वन्यप्राण्यांसाठी कॅमेरा लावणाऱ्यालाही याच रेषा वाचाव्या लागतात.