मांजरीचा रोजा

रमजानात आमच्याबरोबर मांजरीचं खाणंही सहरी आणि इफ्तारवर आलं. दुपारी ती पिवळा फेस ओकायची. संध्याकाळी हावरटासारखं गिळून अख्खे तुकडे बाहेर टाकायची. पोट बिघडलं समजून मी तिला लंघन करवणार होतो. जनावरांच्या डॉक्टरांनी अडवलं.

उंदरांवर जगणारा हा प्राणी, दिवसरात्र थोडं थोडं खाणारा. पोट फार वेळ रिकामं राहिलं की पित्त उलटतं, घाईनं भरलं की अन्न. लंघन तर घातकच. दोन-तीन दिवस अन्न तुटलं तर यकृतात चरबी साठून मांजर दगावूही शकतं.

आता पसरट ताटलीत चार वेळा, थोडं थोडं. दूध बंद, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. उलट्या थांबल्यात. पुन्हा सुरू झाल्या, किंवा तिनं खाणं सोडलं, तर तडक दवाखाना.