पाणी मुरते कोठे?

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर कोसळतो, तेव्हा तेथे एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. दोन महिने उन्हात भाजून निघालेली माती थेंब पडताच तो गिळून टाकते. पहिली सर ओसरते, पण वाहणारे पाणी कोठे दिसत नाही. केवळ मातीचा रंग गडद होतो आणि तिचा सुगंध दरवळू लागतो. तीच सर डोंगराखालच्या डांबरी रस्त्यावरही पडलेली असते. परंतु तेथे पहिल्या काही क्षणांतच पाण्याचे ओहोळ वाहू लागतात आणि रस्त्यावरचा कचरा घेऊन गटाराकडे धाव घेतात. आकाशाने दोन्ही ठिकाणी सारखेच दान दिले. एकाने ते पोटात घेतले, दुसऱ्याने परतवून लावले. हा भेद कशामुळे होतो?

एका पदार्थाने दुसरा पदार्थ आपल्या अंगात सामावून घ्यावा, या क्रियेस शास्त्रात शोषण असे म्हणतात. आपल्या बोलीत तिला किती तरी नावे आहेत. टीपकागद शाई टिपतो, पंचा अंगावरचे पाणी शोषतो, जमीन पाणी पिते, लोणच्यात मीठमसाला मुरतो. ही क्रिया आपल्या घरात अहोरात्र चाललेली असते. समईतील तेल खाली असते व ज्योत वर असते. तरी वात ते तेल वर ओढून ज्योतीला पुरवीत राहते. पावसाळ्यात जुन्या घराच्या भिंतीला ओल चढते, तीही याच मार्गाने.

पाणी असे वर कसे चढते? पाण्याच्या कणांना कापूस, कागद, माती, काच अशा पदार्थांची ओढ असते. शिवाय ते एकमेकांनाही घट्ट धरून असतात. कापसाच्या तंतूंमध्ये अतिशय अरुंद वाटा असतात. त्या वाटेच्या भिंतीला बिलगून पाणी पुढे सरकते आणि आपल्या मागून दुसऱ्या कणांना ओढून नेते. वाट जितकी अरुंद, तितके पाणी अधिक उंच चढते. या वाटा केसासारख्या बारीक असल्यामुळे या गुणाला केशाकर्षण असे नाव पडले आहे. रात्री भिजत घातलेले मनुके सकाळी टपोरे होतात, ते थोड्या निराळ्या कारणाने. त्यांच्या पेशींच्या पातळ पडद्यातून पाणी आत शिरते. त्या क्रियेस परासरण म्हणतात. झाडाची मुळेही याच रीतीने मातीतील पाणी घेतात.

परंतु अळवाच्या पानावर पाणी टाकून पाहावे. ते पान थेंबभरही पाणी घेत नाही. पाणी मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळून जाते. पानावर मेणासारखा सूक्ष्म थर असतो व त्याला पाण्याची ओढ नसते. शोषणासाठी दोन गोष्टी लागतात: आत शिरण्यास वाटा आणि पाण्याशी जवळीक. यांपैकी एकही नसेल, तर तेथे पाणी मुरत नाही.

या दृष्टीने माती हा एक अजब पदार्थ आहे. वरून ती भरीव वाटते. पण चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळच असतो. कणांमधील या पोकळीत हवा असते व पाऊस आला की तिची जागा पाणी घेते. वाळूच्या कणांतील वाटा रुंद असतात. म्हणून वाळू पाणी चटकन घेते, पण तितक्याच चटकन खाली सोडते. चिकणमातीच्या वाटा फार अरुंद असतात. ती पाणी सावकाश घेते, पण दीर्घकाळ धरून ठेवते. गांडुळे जमिनीत बिळे करतात, झाडांची मुळे तिला भेगा पाडतात, कुजलेला पाला तिला भुसभुशीत करतो. त्यामुळे गवताखालची माती पाणी सहज पिते. पायांनी तुडविलेल्या वाटेवरची माती मात्र दाबली गेल्याने तिच्या वाटा बंद होतात. दोन डब्यांच्या बुडांना सारखीच भोके पाडावी. एकात गवतासह काढलेली माती भरावी, दुसऱ्यात ठोकून घट्ट केलेली. दोहोंवर तांब्याभर पाणी सावकाश ओतावे. हा फरक डोळ्यांना दिसेल.

आता ठाणे जिल्ह्याच्या भूमीकडे वळू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून येथला काळा पाषाण तयार झाला. अखंड कातळात पाणी शिरत नाही. ते मुरते ते कातळावरच्या मुरुमात, मातीत आणि खडकाच्या भेगांत. हे कोठार फार मोठे नाही. म्हणून येथे एक चमत्कारिक विसंगती दिसते. या भागात वर्षाला सरासरीने दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शहापूर तालुक्यात तर तानसा व भातसा यांसारखी मोठी धरणे आहेत. तरीही त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जे पाणी उतारावरून वाहून गेले ते गेले. जे मुरले तेवढेच विहिरीत उरते.

मातीच्या पिण्यालाही सीमा असते. भिजून चिंब झालेला पंचा आणखी पाणी घेत नाही, तशी आषाढातील जमीनही तृप्त होते. मग पुढच्या पावसाने जावे कोठे? निसर्गाने व पूर्वजांनी मिळून याची तजवीज करून ठेवली होती. कल्याण-डोंबिवलीच्या आसपास दूरवर भाताची खाचरे असत. बांध घातलेले प्रत्येक खाचर म्हणजे एक लहानसे तळेच. ठाण्यात मासुंदा, कचराळी, उपवन असे अनेक तलाव होते व त्यांतील तीसहून अधिक आजही आहेत. म्हणूनच ठाण्यास तलावांचे शहर म्हणतात. कल्याणात काळा तलाव आहे. उतारावरचे पाणी या तलावांत थांबे, निवळे आणि सावकाश जमिनीत उतरे.

त्याहून उरलेले पाणी उल्हास नदीतून खाडीला मिळते. कल्याणपर्यंत समुद्राची भरती येते. म्हणून अतिवृष्टी व भरती एकाच वेळी आली की नदीची वाट अडते. अशा वेळी खाडीकाठची दलदल व कांदळवने उपयोगी पडतात. तेथे पाण्याला पसरण्यास जागा मिळते आणि लाटांचा जोर झाडांच्या गर्दीत ओसरतो. तिवराचे झाड तर शोषणाच्या कामात मोठे चोखंदळ आहे. खारे पाणी घेताना ते बहुतेक मीठ मुळापाशीच अडविते व उरलेले पानांवाटे बाहेर टाकते. त्याच्या पानांवर मिठाचे कण चमकताना दिसतात. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले.

परंतु गेल्या काही दशकांत ही व्यवस्था झपाट्याने बदलली. मुंबईला नोकरीस जाणाऱ्या लाखो माणसांना घरे हवी होती व ती बांधणे आवश्यकच होते. पण घरांसाठी खाचरे भरली गेली, कित्येक तलाव बुजले, अंगणांवर फरशी आली, रस्ते सिमेंटचे झाले. मातीवर हे झाकण बसताच शहर अळवाच्या पानासारखे झाले.

याचा हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. शाळेचे पटांगण ३० मीटर लांब व २० मीटर रुंद असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर झाले. त्यावर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३०,००० लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचे तीन टँकर भरावेत एवढे हे पाणी! पटांगण मातीचे असेल, तर त्यातील बराच भाग मुरतो. फरशीचे असेल, तर ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते. आषाढात असे पाणी घालवायचे आणि वैशाखात टँकरने विकत आणायचे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी मुंबई, ठाणे, कल्याण हा सारा प्रदेश जलमय झाला आणि अनेकांचे प्राण गेले. पुढे २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला. २७ जुलैच्या पहाटे कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. एवढा पाऊस कोणतीही माती एका दिवसात पिऊ शकत नाही, हे खरे. परंतु प्रत्येक खाचर, तलाव व मैदान पाण्याचा आपापला वाटा उचलते, तेव्हा पुराचा वेग मंदावतो आणि माणसांना सावरण्यास वेळ मिळतो. अशा प्रसंगी तासाभराचा अवधीही प्राण वाचवू शकतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शोषण केवळ पाण्याचेच होत नाही. हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषते, हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यांच्या साहाय्याने अन्न तयार करते. काळे डांबर व सिमेंट दिवसभर उष्णता शोषतात आणि रात्री ती परत सोडतात. म्हणून शहरातील रात्रीही उकाड्याच्या होतात. ज्या पाण्याने जमीन गार राहिली असती ते हे झाकण घेत नाही. आणि जी उष्णता नकोशी असते ती मात्र पोटात साठवते!

यावर उपाय आहेत आणि ते फार अवघडही नाहीत. छपरावरचे स्वच्छ पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडता येते. शोषखड्डा म्हणजे दगड, खडी व वाळू यांनी भरलेला खड्डा. त्यातून पाणी हळूहळू जमिनीत उतरते. झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट न घालता मातीचे आळे मोकळे ठेवता येते. पटांगणाच्या कडेला गवताचा पट्टा राखता येतो. तलावात कचरा न टाकणे हे तर लहान मुलांच्याही हातचे आहे. मात्र एक सावधगिरी हवी. माती काही घाण अडवते, पण रसायने व सांडपाणी तिच्यात मुरले, तर त्यांचे विष विहिरीपर्यंत जाऊन पोहोचते. जे जमिनीला पाजावयाचे, ते निर्मळ असले पाहिजे.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण सर्वांना पाठ असते. पण थेंब कितीही पडले, तरी त्यांना थांबण्यास तळे आणि मुरण्यास माती असावी लागते. पुढच्या पावसाळ्यात पहिली सर येईल, तेव्हा शाळेच्या दारात उभे राहून पाहावे: पाणी वाहते कोठे आणि मुरते कोठे? जेथे ते मुरत असेल, ती जागा जपावी. जेथे ते नुसतेच वाहून जात असेल, तेथे त्याच्यासाठी एक वाट मोकळी करावी.