पाण्याचा रंग कोणता?

तळ्याचे चित्र काढायला सांगितले, की तुमच्यापैकी बहुतेक जण रंगपेटीतला निळा रंग उचलतात. आकाश निळे, म्हणून पाणीही निळे, असा सोपा हिशेब असतो. पण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराला हा हिशेब मान्य नाही. उल्का आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात तयार झालेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. त्यातले पाणी खारट आहे आणि त्यात वाढणाऱ्या शेवाळामुळे ते एरवी हिरवट दिसते. जून २०२० मध्ये तर ते चक्क गुलाबी झाले! उन्हाळ्याने पाणी आटले, त्यातला खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असणारे सूक्ष्म जीव फार वाढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे कारण शोधले. त्या दिवसांत विवराच्या काठावर बसून कोणी निळे पाणी रंगवले असते, तर त्याने डोळे मिटून चित्र काढले असेच म्हणावे लागले असते.

चित्रकला शिकायची म्हणजे आधी हे डोळे उघडायचे. हात नंतर शिकतो. “मला चित्र येत नाही,” असे सातवी-आठवीत म्हणणारी मुले पुष्कळ असतात. त्यांचा हात वाईट नसतो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि नारळाचे झाड, एवढे पाठ केलेले चित्र ती वर्षानुवर्षे काढत राहतात आणि एक दिवस त्याला कंटाळतात. आपल्या घाटावर नारळ किती आहेत, हे एकदा मोजून पाहा. त्यापेक्षा बांधावरची बाभूळ, अंगणातला कडुनिंब, कापसाने भरलेली बैलगाडी ही तुमच्या ओळखीची आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करा.

आता तुम्हांला एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर समजेल. तुम्ही उर्दू लिहिता. सुलेखन शिकवणारे उस्ताद अक्षराची उंची कशी मोजतात, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. कलमाच्या टोकाने एक चौकोनी नुक्ता काढायचा आणि अलिफ किती नुक्ते उंच, बे किती नुक्ते लांब, असे त्याच मापाने ठरवायचे. चित्रातही अगदी असेच माप लागते. समोर मडके ठेवले आहे असे समजा. हात पूर्ण लांब करा, पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा आणि मडक्याच्या तोंडाची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने पकडा. आता तीच रुंदी मडक्याच्या उंचीत किती वेळा बसते ते पाहा. मडक्याचे तोंड हा तुमचा नुक्ता झाला. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार आहे. तिथे सहलीला गेलात, तर कमानीची रुंदी आणि उंची अशीच मोजा. मात्र मोजताना कोपर वाकवू नका, नाहीतर दर वेळी माप बदलेल.

नुक्त्यावरून आठवले. सय्यद हैदर रझा हे जगप्रसिद्ध चित्रकार लहानपणी शाळेत फार चंचल होते. त्यांच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे एकटक पाहत बसायला सांगितले. पुढे रझा नागपूरच्या आणि मुंबईच्या कलाशाळांत शिकले, फ्रान्समध्ये राहिले आणि तोच ठिपका ‘बिंदू’ म्हणून त्यांच्या चित्रांत वारंवार आला. पण त्याआधी, १९४० नंतरच्या काळात, मुंबईचे रस्ते आणि घरे त्यांनी जलरंगांत रंगवली होती. जलरंग म्हणजे पाण्यात कालवून वापरायचे रंग. तुम्हीही त्यांनीच सुरुवात करणार आहात.

साहित्याचा फार बाऊ करू नका. एक कार्ट्रिज कागद, गोल टोकाचे दोन ब्रश (एक सहा नंबरचा, एक दहा किंवा बारा नंबरचा), एक पांढरी बशी, पाण्याची दोन भांडी आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा एवढे पुरे. पाण्याची भांडी दोन का? एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातले स्वच्छ पाणी रंगात घालायचे. पुष्कळ मुलांची चित्रे मळकट दिसतात, त्याचे कारण निम्म्या वेळा एवढेच असते, की सगळे काम एकाच गढूळ पेल्यात चाललेले असते. ब्रश घेताना तो पाण्यात बुडवून झटका. त्याचे केस एकत्र येऊन टोक निघाले तर तो चांगला. झाडूसारखा पसरला तर दुकानदाराला परत द्या. रंगांत लाल, पिवळा, निळा हे हवेतच. शिवाय ‘यलो ऑकर’ म्हणजे पिवळी माती आणि ‘बर्न्ट सिएना’ म्हणजे भाजल्यासारखी तांबूस माती, हे दोन रंग असले तर आपला मुलूख रंगवायला फार उपयोगी पडतात.

रंगपेटी घेणे परवडत नसेल, तरी थांबायचे कारण नाही. आपल्या पश्चिमेला, आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या डोंगररांगेतच, अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या चित्रकारांनी लाल आणि पिवळ्या मातीपासून, हिरव्या खनिजापासून, दिव्याच्या काजळीपासून रंग केले होते. त्यांचा निळा रंग मात्र दूरचा. तो अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द नावाच्या दगडापासून होत असे. लाजवर्द हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचाच आहे. तुम्हीही मातीचे रंग करून पाहा. शेतातली काळी माती, गेरू, मुरमाची लाल माती वेगवेगळ्या भांड्यांत पाण्यात ढवळा. खडे तळाशी बसले, की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि स्थिर ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाशी बारीक गाळ मिळेल. तो वाळवून पाट्यावर किंवा काचेवर घोटा. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्या आणि त्याचे थोडे थेंब घालून पुन्हा घोटा. झाला रंग तयार. वाळल्यावर बोट फिरवून पाहा. बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी पडला. रंग चकाकला किंवा तडकला तर जास्त झाला. दुकानातल्या जलरंगातही रंगाची भुकटी धरून ठेवायला बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंकच असतो. हळद मात्र वापरू नका. ती आज सुंदर दिसते, पण उन्हाने लवकरच फिकी पडते.

जलरंगाचा सगळ्यांत महत्त्वाचा कायदा असा, की पांढरा रंग म्हणजे कागद. रंगाचा थर पातळ असतो, त्यातून खालचा कागद चमकतो आणि त्यामुळेच चित्रात उजेड येतो. म्हणून आधी फिके, मग गडद, असे जायचे. गडदावर फिके चढत नाही. फाल्गुनात बुलढाण्याच्या घाटात पळस फुलतो तेव्हा हा कायदा नीट समजतो. निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुले, मागे करडा डोंगर. आधी डोंगर रंगवून त्यावर फुले ठेवायला गेलात, तर फुले विटकरी आणि मेलेली दिसतील. फुलांच्या जागा पेन्सिलीने हलक्या खुणा करून कोऱ्या सोडा. डोंगर रंगवा, वाळू द्या, मग त्या कोऱ्या जागेत पिवळा आणि त्यात ओला असतानाच लाल सोडा. दोन्ही रंग आपापसांत मिसळतील. त्यांना मिसळू द्या, ब्रशने ढवळत बसू नका.

आकाशासारखी मोठी जागा एकसारखी रंगवायची असेल, तर फळीखाली एक पुस्तक ठेवून ती थोडी तिरपी करा. लागेल त्यापेक्षा जास्त रंग आधीच बशीत कालवून ठेवा. अर्ध्यावर संपला तर तसाच रंग पुन्हा जुळत नाही. मोठा ब्रश भरून घ्या आणि वर एक आडवा पट्टा ओढा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ साचेल. दुसरा पट्टा त्या ओघळाला स्पर्श करून ओढा. असे खालपर्यंत या आणि शेवटचा ओघळ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. वर राहिलेला डाग दुरुस्त करायला परत जाऊ नका. तो मोह फार वाईट. अर्धवट वाळलेल्या रंगात ओला ब्रश गेला, की फुलकोबीसारखा डाग उमटतो.

इथे एक सूचना फक्त तुमच्यासाठी आहे. उर्दू लिहिताना तुमचा हात उजवीकडून डावीकडे सरकतो. त्या सवयीने चित्रही उजव्या बाजूने सुरू होते आणि तळहात ओल्या रंगावर टेकतो. उजव्या हाताने काम करत असाल, तर वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करा. डावखुऱ्यांना तुमची नेहमीचीच दिशा सोयीची आहे.

आपल्याकडची हवाही लक्षात घ्या. एप्रिल-मे महिन्यांत मलकापूर-खामगावकडच्या उन्हात पट्टा ओढता ओढता वाळतो. तेव्हा सकाळी लवकर बसा, सावलीत बसा आणि रंगवण्यापूर्वी कागदावरून स्वच्छ पाण्याचा हात फिरवा. श्रावणात उलट होते. रंग वाळतच नाही आणि घाई करणाऱ्याचे सगळे रंग एकमेकांत शिरतात. अशा वेळी एकाच वेळी दोन चित्रे घ्यावीत. एक वाळेपर्यंत दुसरे करावे.

हिरव्या रंगाविषयी थोडे सांगायलाच हवे. पेटीतला तयार हिरवा फार भडक असतो. तो जसाच्या तसा लावला, की शेत प्लास्टिकचे वाटते. पिवळ्यात निळा मिसळून हिरवा करा आणि त्यात किंचित लाल किंवा तांबूस माती घाला. मग त्याच पिवळ्या-निळ्यातून तुरीचा, ज्वारीचा, कडुनिंबाचा असे निरनिराळे हिरवे निघतील. कडुनिंबाची कोवळी पालवी तर आधी तांबूस असते, हे या वसंतात पाहून घ्या. काळ्या रंगाची बाटली शक्यतो उघडूच नका. निळा आणि तांबूस माती मिसळली, की काळ्याच्या जवळ जाणारा जिवंत राखाडी रंग मिळतो. आपली कापसाची काळी जमीन आणि लोणारचा खडक त्याच रंगाने चांगले उतरतात. सावलीसाठीही काळा नको. चुना लावलेल्या भिंतीवरची सकाळची सावली नीट पाहा, ती निळसर दिसेल.

रंगांची नावे शिकताना तुम्हांला दोन भाषांचा फायदा आहे. गुलाबी, बदामी, फिरोजी, अस्मानी हे शब्द मराठीला फारसीकडून आले आणि इथलेच झाले. कागद आणि शाई हे शब्दसुद्धा. त्यांच्या शेजारी मोरपंखी, पोपटी, शेंदरी, डाळिंबी, अबोली ही मराठी नावे ठेवा. प्रत्येक नावात एक वस्तू लपलेली आहे. ती वस्तू डोळ्यांपुढे आणली, की रंग कालवणे सोपे जाते.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे नाव तुम्ही ऐकायला हवे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. एवढा मान मिळूनही त्यांचे मन रमले ते कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाच्या परिसरात. तिथले पाणी, झाडे आणि बदलता उजेड त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. १९३१ साली ते वारले. एक तलाव माणसाला आयुष्यभर पुरतो, मग तुमच्या गावाची विहीर एका सुट्टीत कशी संपेल? एकच जागा सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला रंगवून पाहा. दुपारी बारा वाजता मात्र बसू नका. ऊन डोक्यावर आले, की सावल्या नाहीशा होतात आणि सगळे सपाट दिसते.

शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसता येते. त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे विषय असतात. संकल्पचित्रात पाने, फुले आणि भौमितिक आकृत्या गुंफून नक्षी करायची असते. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीतले किंवा बीबी का मकबऱ्यातले दगडी काम पाहिलेल्या मुलांना त्यासाठी नमुने शोधत फिरावे लागत नाही. स्मरणचित्रासाठी बाजाराच्या दिवशी पाच मिनिटे एका जागी उभे राहा, मग घरी येऊन पाहिलेले काढा. जे आठवणार नाही ते पुढच्या आठवड्यात जाऊन पाहून या.

बिघडलेली चित्रे फाडू नका. त्यांची मागची बाजू सरावाला उपयोगी पडते आणि सहा महिन्यांनी जुने चित्र शेजारी ठेवले, की काय सुधारले ते दिसते. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि जागा लिहा. काम संपल्यावर ब्रश साबणाने धुवा, बोटांनी त्याला टोक आणा आणि केसांची बाजू वर करून पेल्यात उभा ठेवा. रात्रभर पाण्यात राहिलेल्या ब्रशचे टोक वाकते आणि ते पुन्हा सरळ होत नाही.